गाईच्या वाट्याची पेंड

पशुखाद्याच्या धंद्यात सध्या ‘पर्यायी प्रथिने’ हा परवलीचा शब्द झाला आहे. सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली कोरडी पेंड) महागली की मक्याची डीडीजीएस (इथेनॉल काढून उरलेला चोथा) घाला, सरकी पेंड कडाडली की मोहरीची घाला, तेही परवडेना तर अझोला लावा, माशीच्या अळ्यांची भुकटी आणा, असे सल्ले दूध उत्पादकाला रोज मिळतात. या बोलण्यामागे एक समजूत गृहीत धरलेली असते. ती अशी की, गाईचा म्हणून प्रथिनांचा एक मूळ, ठरलेला खुराक कधीकाळी होता आणि आता त्याची जागा दुसरे काहीतरी घेते आहे. महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. गव्हाणीत कोणती पेंड पडायची हे गाईच्या गरजेवरून क्वचितच ठरले. कापूस, तेल, ऊस, निर्यात आणि आता इथेनॉल, या धंद्यांतून काय उरते आणि उरलेल्याला दुसरे गिऱ्हाईक कोण आहे, यावरून ते ठरत आले. त्या त्या धंद्यातले दोषही पेंडीबरोबर गोठ्यात आले. त्यांची तपासणी मात्र दर वेळी बरीच मागून आली. आजच्या पर्यायांची चर्चा करताना हा क्रम डोळ्यांसमोर असायला हवा असे मला वाटते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘पूर्वी घरचा कापूस, घरची करडई, घरची पेंड होती, गाय घरचे खायची आणि तिला काही कमी पडत नव्हते.’ यात थोडे तथ्य आहे. शेतकऱ्याच्या घरी सरकी असायची, तेल्याच्या घाण्यावरून करडई, तीळ, जवस, कारळे यांची पेंड यायची आणि बैलघाण्याच्या पेंडीत दहा टक्क्यांच्या आसपास तेल राहायचे, म्हणजे ती आजच्या कोरड्या डीओसीपेक्षा पुष्ट असायची. पण ती खायचे कोण? पेरणीच्या आणि मोटेच्या दिवसांत सरकीचे आंबोण मिळायचे ते बैलाला. तूप विकून चार पैसे यायचे ते म्हशीच्या दुधातून, म्हणून त्यानंतर पेंड मिळायची म्हशीला. गाय बैल देणारी म्हणून राखलेली. तिच्या वाट्याला गायरान, बांधावरचे गवत आणि ज्वारीचा कडबा. कडब्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. वासराला पाजून घरापुरते लिटर-दोन लिटर दूध देणाऱ्या गाईचे त्यावर भागत होते, कारण तिच्याकडून जास्त अपेक्षाच नव्हती. १९२८ साली आलेल्या शाही शेती आयोगाच्या अहवालानेही हीच विभागणी नोंदवली आहे: गाय बैलांसाठी, म्हैस दुधासाठी, आणि त्यामुळे चाऱ्याच्या वाटपात गाय मागे. घरच्या पेंडीवर पोसलेल्या दुभत्या गाईचे चित्र आपण आजच्या गरजेतून मागे वळून रंगवले आहे.

सरकीची गोष्ट मुळापासून पाहण्यासारखी आहे, कारण आजही महाराष्ट्रातला दूधवाला सगळ्यात जास्त विश्वास सरकी पेंडीवर टाकतो. कापूस हातचरकीवर रेचला जायचा तेव्हा रुई बाजाराला जायची आणि बी घरातच राहायचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) लँकेशायरचा कापूस तोडला, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६७ साली जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. पाठोपाठ वऱ्हाडात आणि आसपास वाफेवर चालणारी जिनिंग-प्रेसिंगची कारखानदारी उभी राहिली. अकोला, अमरावती, खामगाव, हिंगणघाट या गावांच्या कडेला जिनांची आवारे आली. शेतकरी आता कापूस बियांसकट विकू लागला. शंभर किलो कापसात रुई सुमारे एक तृतीयांश आणि सरकी दोन तृतीयांश, म्हणजे वजनाने बघितले तर शेतकरी कापूस कमी आणि सरकी जास्त विकत होता, आणि भाव ठरत होता रुईचा. जी सरकी आजवर घराच्या कोपऱ्यात पडून असायची ती जिनाच्या आवारात ढिगाने साचू लागली आणि व्यापाऱ्याच्या हाती गेली. आपल्याच शेतातली सरकी शेतकऱ्याला विकत घ्यावी लागण्याची सुरुवात इथली आहे.

ढिगाला गिऱ्हाईक मिळाले ते समुद्रापलीकडे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे हल बंदर तेलबिया गाळण्याचे मोठे केंद्र होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईहून सरकी जहाजांनी तिकडे जाऊ लागली. तिथे तेल काढून उरलेली पेंड ‘बॉम्बे कॉटन केक’ या नावाने इंग्रज गवळ्यांना विकली जायची. इजिप्तच्या सरकीच्या पेंडीपेक्षा ती हलकी मानत, कारण आपल्या बियांवर टरफल आणि कापसाची लव जास्त. तरीही इंग्लंड-डेन्मार्कसारख्या देशांतले दूध आणि लोणी अशाच आयात पेंडीवर वाढले. डेन्मार्कने तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला धान्य विकायचे सोडून लोण्याचा देश व्हायचे ठरवले तेच परदेशी पेंड आणि धान्य विकत घेऊन. पहिल्या महायुद्धात १९१७ साली ही आवक तुटली तेव्हा तिथली डुकरे मोठ्या संख्येने कापावी लागली आणि लोण्याचे उत्पादन कोसळले. दुसऱ्याच्या धंद्याच्या उरल्यासुरल्यावर दूध उभे केले की त्या धंद्याची नस कापताच दूध पडते, हे तिथे एका वर्षात दिसले. आपल्याकडे हेच हळूहळू आणि वारंवार घडत गेले, म्हणून नजरेत भरले नाही.

भारतातल्या शेतीची पाहणी करायला १८८९ साली आलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस फोल्कर यांनी १८९३ च्या अहवालात तेलबियांच्या निर्यातीबद्दल काळजी व्यक्त केली ती जमिनीच्या अंगाने. बी परदेशी गेले की त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरसही जातो. पेंड इथे राहिली आणि जनावराच्या पोटातून शेणखत होऊन परतली तर जमीन सुधारते. गाय खाल्लेल्या नायट्रोजनपैकी जेमतेम पाव-एक हिस्सा दुधात घालते, बाकी शेणा-मुतातून परत देते. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या प्रयोगांवरून तर पेंडीची खत म्हणून किती किंमत धरायची याचे तक्तेच छापले जात. पण फोल्कर यांनी दुसरीही गोष्ट पाहिली होती: इथे शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जातात, कारण लाकूड मिळत नाही. त्यामुळे पेंड गाईला घातली तरी तिचा पुढचा फायदा शेताला मिळेल याची खात्री नव्हती. आणि शेतकऱ्याने पेंड थेट शेतातच टाकायचा मार्ग धरला.

हा मार्ग धरला तो दख्खनच्या कालव्यांवर, आणि माझ्या मते दुधाच्या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. मुठा, नीरा, पुढे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे पाणी आले तसा पुणे-नगर भागात ऊस वाढला. उसाला नायट्रोजन लागतो भरपूर; शेणखत पुरेना. तेव्हा करंजी आणि एरंडीच्या पेंडी, ज्या जनावराला घालता येत नाहीत, त्या तर सरीत पडल्याच, पण भुईमुगाची पेंडही पडली, जिच्यात सुमारे पंचेचाळीस टक्के प्रथिने असतात आणि जी गाई-म्हशी आवडीने खातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘स्मॉल जपान’ या नावाच्या लवकर येणाऱ्या उपट्या जाती मुंबई इलाख्यात आल्या आणि आधी खालावलेला भुईमूग पुन्हा पसरला. त्याची पेंड मुबलक झाली, आणि तिच्यासाठी तीन तोंडे पसरली: उसाची सरी, परदेशी जहाज आणि गव्हाण. उसाला भाव होता, जहाजाला पैसा होता. गव्हाणीकडे ना भाव ना पैसा. १९३२ साली सुरू झालेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या काळातही अमोनियम सल्फेट आणि भुईमूग पेंड यांची मिश्रणे उसाला देणे ही शिष्टसंमत शेती होती.

पेंडीच्या निर्यातीवर बंदी घाला किंवा कर बसवा अशी मागणी १९२० च्या दशकात जोरात होती. शाही आयोगाने ती फेटाळली. आयोगाचे म्हणणे असे की निर्यात रोखली तर तेलबियांचा भाव पडेल आणि फटका शेतकऱ्यालाच बसेल. स्वस्त पेंडीचा फायदा घेणारा एक शेतकरी आणि भाव पडल्याने मरणारा दुसरा. हा युक्तिवाद खोटा नव्हता, आजही सोयाबीनच्या बाबतीत तोच ऐकू येतो आणि आजही त्यात दम आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशातून पैसे काढून दूधवाल्याला स्वस्त पेंड देणे हा न्याय नव्हे. पण या वादाचा मुख्य रोख जमीन आणि खतावर राहिला. दुधाचा संघटित धंदाच नव्हता, तेव्हा पेंडीसाठी बोलणारे गवळ्यांचे मंडळही नव्हते. ज्याच्या नावाने कोणी बोलत नाही त्याच्या वाट्याला उरलेले येते, आणि ते त्या वेळी फारसे उरले नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले ते दोन बाजूंनी. एक म्हणजे शहरी दूध: १९४९ मध्ये मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी हलवण्यासाठी आरे कॉलनी सुरू झाली, गुजरातेत खेडा दूध संघ वाढला, आणि ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्रींनी आणंदजवळ कंजरीच्या पशुखाद्य कारखान्याचे उद्घाटन केले. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची कल्पना त्याच भेटीतून पुढे आली हे सर्वांना ठाऊक आहे. निमित्त पेंडीच्या कारखान्याचे होते हे सहसा लक्षात राहत नाही. पहिल्यांदाच दूधवाल्याच्या संस्थेने पेंड विकत घेणारा मोठा हात तयार केला. दुसरी बाजू रासायनिक खताची. १९६५ मध्ये तुर्भ्याचा खत कारखाना सुरू झाला, युरिया गावोगाव पोचला, आणि उसाने भुईमुगाची पेंड सोडली. गाईला पेंड मिळू लागली त्यात खत कारखान्याचा वाटा संकरित गाईइतकाच आहे, असे मी म्हणेन.

पण मोकळी झालेली पेंड लगेच दुसऱ्या तोंडाकडे, परदेशी जहाजाकडे वळली. हेक्झेनने तेल विरघळवून काढणारे सॉल्व्हंट कारखाने आले. घाण्याच्या पेंडीत राहणारे तेल त्यांनी टक्क्याच्या खाली आणले. उरली ती डीओसी, आणि ती परकीय चलन मिळवून देणारी वस्तू ठरली. याच काळात आख्खी सरकी जनावरांना घालणे म्हणजे खाद्यतेलाची नासाडी, असे सरकार आणि तेल उद्योग शेतकऱ्याला सांगू लागले. शेतकरी ऐकेना, आख्ख्या सरकीने दुधाला फॅट लागते असे त्याचे म्हणणे. प्रथिनांच्या हिशोबाने पेंड पुरेशी होती हे खरेच, पण फॅटबद्दल शेतकरी चुकत नव्हता. सरकीच्या दाण्यातले तेल टरफलाआड असते, पोटात सावकाश सुटते, आणि बाहेरची लव उत्तम तंतू पुरवते. कॅलिफोर्निया-अॅरिझोनातल्या मोठ्या गोठ्यांत नेमक्या याच कारणासाठी आजही आख्खी सरकी विकत घेऊन घालतात. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे विषारी द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात ते बरेचसे बांधले जाते, लहान वासराला मात्र बाधते. वासराला सरकी न घालण्याची गावातली रीत या रसायनाचे नाव कळण्याच्या आधीची आहे.

भुईमुगाच्या पेंडीचे विष मात्र असे रीतीने कळण्यासारखे नव्हते. १९६० साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. शोध घेता घेता धागा ब्राझीलहून आलेल्या भुईमूग पेंडीपर्यंत पोचला आणि तिच्यावरच्या बुरशीचे विष सापडले. त्याला अफ्लाटॉक्सिन नाव मिळाले. युरोपने मर्यादा घातल्या, भारतीय पेंडीची निर्यात अडचणीत आली. तिकडे न चालणारी पेंड इथल्या गोठ्याला मात्र बंद झाली नाही. गाय सहसा मरत नाही, दूध थोडे घटते, आणि विषाचा एक अंश रूप बदलून दुधात उतरतो. हिशोब करून पाहावा: किलोमागे ५० मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन असलेले खाद्य गाईने दिवसाला सहा किलो खाल्ले तर ३०० मायक्रोग्रॅम पोटात गेले; त्यातले शेकडा दोन दुधात आले तर सहा; बारा लिटर दुधात वाटले तर लिटरमागे अर्धा मायक्रोग्रॅम. आपल्या अन्नसुरक्षा कायद्याने दुधाला घातलेली कमाल मर्यादा बरोबर तेवढीच आहे. ओल्या गोदामातल्या बुरसटलेल्या पेंडीत ५० पेक्षा कितीतरी जास्त विष असू शकते.

तपासणी मागे राहण्याचे दुसरे कारण मोजमापातच दडले आहे. पोत्यावर छापलेले ‘क्रूड प्रोटीन’ म्हणजे प्रथिनांची मोजणी नव्हे; योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग मद्यशाळेच्या प्रयोगशाळेत बसवलेल्या पद्धतीने नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. या गुणाकाराने त्यात २८७ टक्के ‘प्रथिने’ निघतात. मूठभर युरियाने हलकी पेंड कागदावर भारी होते. इथे जाणकार हरकत घेतील की गाईच्या पोटातले जिवाणू युरियापासून खरोखरच प्रथिने बनवतात, आणि फिनलंडच्या आर्तुरी व्हिर्तानेन यांनी १९६० च्या दशकात प्रथिने वगळून नुसत्या युरिया आणि अमोनियम क्षारांवर गाई दुभत्या ठेवून दाखवल्या. ते निर्विवाद आहे. पण त्या गाईंना हळूहळू सरावलेले होते, स्टार्च आणि साखर मोजून दिलेली होती, आणि दूधही माफकच होते. कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यांवर उभ्या असलेल्या, वीस लिटरच्या होल्स्टीन संकराला न सांगता घातलेला युरिया म्हणजे तो प्रयोग नव्हे. मर्यादेत, उघडपणे, मळीसोबत दिलेला युरिया हा चांगला पर्याय आहे. पेंडीच्या नावाखाली विकलेला युरिया ही फसवणूक आहे आणि अतिरेक झाला तर विषबाधा.

गाईसाठी म्हणून मुद्दाम प्रथिने पिकवण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला तो सुबाभळीचा. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरळी कांचनला स्थापन केलेल्या बाएफने संकरित गाईंबरोबर हे झाड बांधाबांधावर पोचवले. पाल्यात वीस ते पंचवीस टक्के प्रथिने, छाटले की फुटते, पावसाच्या पाण्यावर जगते. अडचण पाल्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्याची होती. पाला जास्त झाला की जनावराचे केस गळतात, गलगंड होतो. ऑस्ट्रेलियाच्या रेमंड जोन्स यांनी हवाईतल्या जनावरांच्या पोटात हे विष पचवणारे जिवाणू शोधून १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या गाईंना दिले. आपल्याकडे चाऱ्याच्या एक तृतीयांशापर्यंत पाला ठेवण्याचा साधा नियम पुरेसा होता. पुढे १९८० च्या दशकाअखेर झाडावर सायला किडीचा हल्ला आला, बी पसरून तण झाले अशी तक्रार आली, आणि झाड लाकडासाठी, कागदाच्या लगद्यासाठी लावायचे झाड बनले. लगद्याला गिऱ्हाईक होते, पाल्याला नव्हते. मला हे अपयश झाडाचे वाटत नाही. सरकीमागे जिन होता, भुईमुगामागे तेलगिरणी, सोयाबीनमागे निर्यातदार; सुबाभूळ, लसूणघास, चवळी यांच्यामागे बाजारात उभे राहणारे कोणी नाही. चाऱ्याला जमीन देणे परवडत नाही हा आक्षेप बागायतीत खराच आहे, पण बांध, ओढ्याकाठ आणि पडीक तुकडा यांनाही तो लावणे बरोबर नाही.

आता इथेनॉल आले आहे. मक्यातला स्टार्च, म्हणजे दाण्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग, आंबवून इंधनात जातो आणि उरलेल्या तृतीयांशात प्रथिने एकवटतात, हीच डीडीजीएस. ती स्वस्त आहे, पंचवीस ते तीस टक्के प्रथिनांची आहे, आणि तिने सोयाबीनच्या डीओसीचा भाव खाली ओढला आहे. दूधवाल्याला त्याचा दिलासा आहे आणि तो त्याला मिळायलाच हवा. माणसाला न खाता येणाऱ्या वस्तूचे दूध करणे ही गाईची खरी ताकद आहे, आणि उरलेले वापरू नये असे या सगळ्या इतिहासातून निघत नाही. पण ज्या गुणाकाराने प्रथिने तिप्पट होतात त्याच गुणाकाराने मक्यावरच्या बुरशीचे विषही तिप्पट होते, कारण ते आंबवल्याने नष्ट होत नाही. सात पीपीबीचा (किलोमागे सात मायक्रोग्रॅम विषाचा) मका, जो सहज पास होतो, त्याची डीडीजीएस एकवीस पीपीबीची होते आणि मानकाच्या २० च्या मर्यादेबाहेर जाते. अकोल्याच्या नावावर सरकी पेंडीचे वायदे होतात, काही महिने पुढचा भाव गावात बसून कळतो. त्याच पेंडीतल्या, त्याच डीडीजीएसमधल्या विषाचा आकडा मात्र पोत्यावर नसतो. दूध संघ दुधाचे फॅट आणि एसएनएफ रोज दोनदा मोजून पैसे कापतात. संघाच्या खाद्य कारखान्याच्या फाटकावर येणाऱ्या प्रत्येक ट्रकचा अफ्लाटॉक्सिनचा आणि युरियाचा आकडा त्याच काटेकोरपणे मोजून सभासदाच्या पावतीवर छापायला तंत्र महाग नाही. पट्टीवरची चाचणी काही मिनिटांची असते. तशी मागणी करण्याचा अधिकार १९२८ मध्ये गाईच्या बाजूने कोणाकडे नव्हता. आज संघाचा भाग घेतलेल्या प्रत्येक सभासदाकडे आहे, आणि वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घालायला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो.